टॅब हातात आला की वर्ग गप्प का होतो, आणि त्याला बोलता कसा करायचा

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सातवीचा वर्ग, ३६ मुलं, कंपनीच्या सीएसआर देणगीतून आलेले १८ टॅब, एक राउटर, इंटरनेट असून नसल्यासारखं, आणि गटात बसवलं तरी प्रत्येक जण आपापल्या टॅबमध्ये डोकं घालून बसतो, कुणी कुणाशी बोलत नाही, मग हे टॅब गटकार्याला वापरायचे तरी कसे, आणि बोलायला लागलीच तर मुख्याध्यापक म्हणतात गोंगाट होतोय, त्याचं काय करायचं. मी बीडकडच्या जिल्हा परिषद शाळांत बरीच वर्षं शिकवलंय आणि आता शिक्षकांसोबत याच कामात असतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, यात मुलांचं काही चुकत नाहीये. टॅबवर जे काम दिलंय ते एकट्याने होण्यासारखं असेल तर मूल ते एकट्यानेच करणार, मोठी माणसंही तेच करतात. आपण फक्त बाकं फिरवून चौकोन केला म्हणून गट होत नाही. शेजारच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं काम असेल तरच मान वर होते. मग ही टॅब एकमेकांना जोडलेली असण्याचा खरा उपयोग काय, तर एकाच कामाचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या मुलांच्या हातात देणं आणि ते तुकडे त्यांनी तोंडाने बोलून जुळवले की नाही ते बघणं. निरोप टॅबमधून जायला नकोत, निरोप तोंडातूनच गेले पाहिजेत. मुलं समोरासमोर बसलेली आहेत ना, मग चॅट कशाला?

हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं. एका शाळेत आम्ही लॅबमधले सगळे कॉम्प्युटर वायरीने एकमेकांना, म्हणजे लॅनने, जोडले आणि मोठ्या उत्साहाने चॅट चालू करून दिलं, म्हटलं आता मुलं चर्चा करतील. लॅब नेहमीसारखीच, भिंतीला लागून टेबलं, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे आणि पाठी एकमेकांकडे. पाऊण तास मुलं दोन हातांवर बसलेल्या मित्राला हाय, जेवला का, असं टाईप करत होती, आणि सगळ्या खोलीत फक्त पंख्याचा आवाज. त्या दिवशी टेबलं भिंतीपासून ओढली. सगळं वायरिंग परत करावं लागलं, फरशीवरून गेलेल्या केबलवर पट्ट्या मारायला लागल्या, पण तोंडं समोरासमोर आल्यावर त्याच मुलांचा त्याच कॉम्प्युटरवरचा तास वेगळाच झाला.

आता यावर जगात काय काम झालंय तेही सांगतो, कारण आपण सगळं शून्यापासून शोधायची गरज नाही. एक आपल्या देशातलंच आहे. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातल्या लोकांनी २००६ च्या आसपास ग्रामीण शाळांत पाहिलं की एका कॉम्प्युटरभोवती चार-पाच मुलं गोळा होतात, माउस मात्र एकाच्याच हातात, आणि तो कुणाच्या हातात असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको, जो दांडगा असेल त्याच्या. त्यांनी एकाच कॉम्प्युटरला अनेक माउस जोडले, पडद्यावर प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बाण. पण पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नुसते जास्त माउस दिले आणि जो आधी दाबेल तो पुढे असं ठेवलं तेव्हा मुलं, विशेषतः मुलगे, विचार न करता दाबत सुटले आणि शिकणं मागे पडलं. तेच सगळ्यांनी एकच उत्तर दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही असं केलं, तर एका मुलाला एक कॉम्प्युटर दिल्यावर जेवढं शिकणं होतं त्याच्या तोडीचं झालं. मशीन तेच, मुलं तीच, फक्त नियम बदलला. तुमच्या टॅबमध्ये शर्यतीवाले क्विझ भरलेले असतील तर पहिल्यांदा ते बाजूला ठेवा.

दुसरं काम चिलीमधलं, सांतियागोच्या कॅथॉलिक विद्यापीठातले मिगेल नुसबाउम आणि त्यांचे सहकारी. २००४ च्या सुमारास त्यांनी पहिलीच्या मुलांच्या हातात वायरलेसने जोडलेली छोटी हातातली यंत्रं दिली आणि तिघातिघांचे गट केले. प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा तुकडा, एकाकडे एक अंक, दुसऱ्याकडे दुसरा, तिसऱ्याकडे तिसरा, आणि तिघांनी मिळून ते क्रमाने लावायचे, ज्याची पाळी त्याने दाबायचं. चुकलं तर गटाला परत करायला लागतं. यंत्रं वायरलेस असल्याने मुलं कुठेही बसू शकतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. पुढे अमेरिकेत एसआरआय इंटरनॅशनल या संशोधन संस्थेच्या लोकांनी याच धर्तीवर चौथीच्या मुलांसाठी अपूर्णांकांचं काम केलं, तिथेही तिघांचे गट, आणि सगळ्यांचं एकमत झाल्यावरच उत्तर स्वीकारायचं असा एक प्रकार. या दोन्हीतून मी एक गोष्ट उचलली आणि ती अजून सोडलेली नाही. मशीनने गट चुकला एवढंच सांगायचं, कोण चुकलं ते सांगायचं नाही. कोण चुकलं हे टॅबने सांगितलं की त्या पोरावर बाकीचे दोघे ओरडतात आणि काम संपतं, सांगितलं नाही की तिघांना आपापली कारणं परत मांडायला लागतात.

आता हे मराठीत कसं करायचं. तुम्ही सोमवारी करून बघण्यासारखं अगदी साधं सांगतो. तिघांच्या टॅबवर एकेक अक्षर द्या, ग, ज, र. मिळून जास्तीत जास्त अर्थ असलेले शब्द करायचे, पण ज्याचं अक्षर त्यानेच दाबायचं. गजर, गरज, जग, जर, गज, रग. गंमत बघा, गजर आणि गरज यात फक्त दोघांची जागा बदलते, आणि ती जागा बदलायला त्या दोघांना एकमेकांशी बोलावंच लागतं. रग हा शब्द आहे की नाही यावर आमच्याकडे एका गटात भांडणाच्या जवळ गोष्ट गेली होती, एक म्हणे असा शब्दच नाही, दुसरी म्हणाली माझी आजी म्हणते पाय रगरगतोय, म्हणजे रग आहे. शब्दकोश आणायला पोरं स्वतः उठून गेली. क, म, र दिलं तर मकर आणि रकम निघतं. सातवीला हे सोपं वाटेल, पण पहिल्यांदा सोपंच द्या, कारण पहिल्या आठवड्यात मुलं विषय नाही शिकत, तिघांनी मिळून पुढे जायचं म्हणजे काय ते शिकतात.

मग पुढच्या पायरीचं, गणितातलं. हे मी स्वतः खूप वेळा घेतलंय. पहिल्या मुलाच्या टॅबवर शाळेच्या टाकीची मापं, लांबी २ मीटर, रुंदी दीड मीटर, उंची १ मीटर. दुसऱ्याकडे, शाळेत २४० मुलं आणि एका मुलाला दिवसाला ५ लिटर पाणी. तिसऱ्याकडे, खिचडी आणि भांडी धुवायला रोज ३०० लिटर, टँकर सोमवारी सकाळी आणि गुरुवारी सकाळी येतो आणि टाकी भरून जातो. प्रश्न तिघांनाही एकच, पाणी पुरेल का, नसेल तर कुठल्या वारी अडचण येईल. नियम असा की टॅब दुसऱ्याला दाखवायचा नाही, वाचून सांगायचं. हा नियम अगदी पाळा, कारण टॅब दाखवला की समोरचा नुसता बघतो, सांगायला लागलं की सांगणाऱ्याला आधी स्वतःला समजून घ्यावं लागतं. टाकीत ३ घनमीटर म्हणजे ३००० लिटर, रोजचा खर्च १२०० अधिक ३००, म्हणजे १५००, टाकी बरोबर दोन दिवस, बुधवारी खडखडाट, आणि गुरुवारी भरली तरी शनिवारी पुन्हा तेच. पण मुलं इथे थांबत नाहीत. शनिवारी अर्धा दिवस शाळा असते मग खर्च निम्मा धरायचा का, टँकर उशिरा आला तर, असं सुरू होतं, आणि आमच्या भागातल्या मुलांना टँकर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही. तिन्ही टॅबवर उत्तर सारखं आलं तरच पुढचं पान उघडतं.

तुकडे वाटून देण्याची ही युक्ती तशी जुनी आहे, १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, गोऱ्या आणि काळ्या मुलांना नव्यानेच एका वर्गात बसवलेलं असताना, मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी ती कागदावरच केली होती, प्रत्येक मुलाकडे धड्याचा एक भाग आणि तो त्याने बाकीच्यांना शिकवायचा. जे मूल बाकीच्यांना नकोसं होतं त्याचीही त्यामुळे गरज भासायला लागली. मला हे वाचल्यावर लगेच आमची ऊसतोडीला जाणारी पोरं आठवली. दिवाळीनंतर जातात आणि परत येतात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं, गटात घेतलं तरी बाकीचे त्यांना विचारतच नाहीत, नुसतं शेजारी बसवून ठेवतात. एक मुलगा असाच परत आला होता, दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं. टाकीच्या कामात त्याच्याकडे टँकरचा तुकडा आला आणि बाकी दोघे अडले, त्यांना त्याच्याकडे बघून विचारावंच लागलं, तुझ्याकडे काय आहे सांग ना. वाचायला त्याला वेळ लागला, ते दोघे थांबले. मी मुद्दाम दुसरीकडे बघत उभा होतो. हे कागदाच्या चिठ्ठीवर पण झालं असतं, हो, खरंय, पण चिठ्ठ्यांवर हुशार पोरगं तिन्ही चिठ्ठ्या ओढून घेतं आणि एकटं सोडवतं, आणि बारा गटांच्या चिठ्ठ्या तपासत मी एकटा किती फिरणार. तिघांची उत्तरं जुळली का हे बघायचं काम मशीन करतं म्हणून मी मोकळा राहतो, त्या मोकळ्या वेळात मी मुलांचं बोलणं ऐकतो. टॅबचा एवढा एक फायदा मला पुरेसा वाटतो.

तुमच्याकडे १८ टॅब आणि ३६ मुलं, म्हणजे तिघांना तीन टॅब असे सहाच गट एका वेळी. हे वाईट नाहीये. अर्धा वर्ग टॅबवर, अर्धा वर्ग वहीत किंवा प्रयोगावर, मग अदलाबदल. तासिका ३५ मिनिटांची असेल तर टॅब वाटण्यातच सात-आठ मिनिटं जातात, म्हणून जोडतास मागून घ्या. टॅबला नंबर टाका आणि तोच नंबर त्याच मुलाला, वाटायला दोन मुलं ठरवून द्या. आणि एक वाक्य पहिल्या दिवसापासून लावा, टॅब पालथा. मी बोलताना किंवा कुणी गट सांगत असताना सगळ्यांचे टॅब बाकावर पालथे. पडदा दिसत असला की सातवीचं मूल ऐकत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

गट तिघांचा का, चौघांचा का नाही, हे पण बरेच जण विचारतात. माझा अनुभव असा की दोघांत एक सांगतो आणि दुसरा मान डोलावतो, चौघांत दोघेदोघे फुटतात, तिघांत कुणी गप्प बसला तर लगेच दिसतो. एवढंच. आणि दोन मुलगे एक मुलगी असं ठेवलं तर मुलीचं बोलणं दबतं का ते बघत राहा, आमच्याकडे काही वर्गांत दबायचं, तिथे मी सरळ मुलींचे वेगळे गट केले, दोन महिन्यांनी परत मिसळले.

आता जोडणीचं बोलू, कारण बऱ्याच शाळांत काम इथेच अडतं आणि मग टॅब कपाटात जातात. इंटरनेट नाही हे कारण होऊच शकत नाही. एक राउटर आणि शाळेतला एक जुना लॅपटॉप, तो सर्व्हर, सगळी पानं त्याच्यावर, टॅब राउटरच्या वाय-फायने लॅपटॉपला जोडलेले, बाहेरच्या जगाशी काही संबंध नाही. आपल्याकडे कर्जतकडच्या खैरात धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये एक मूल एक लॅपटॉप प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले होते, ते तर राउटरशिवाय एकमेकांना जोडले जायचे आणि एकाचं काम दुसरा आपल्या पडद्यावरून उघडून त्यात भर घालू शकायचा. आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्ससोबत क्लिक्स नावाचा उपक्रम राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणातल्या सरकारी शाळांत चालवला, तिथेही शाळेतच सर्व्हर, आणि एका कॉम्प्युटरवर दोन-तीन मुलं मुद्दाम बसतील असेच धडे केले होते. त्याला २०१७ चा युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे आपण जे करतोय ते काही जुगाड नाही, रीतसर पद्धत आहे.

छोट्या छोट्या अडचणी मात्र येतात आणि त्या कुणी आधी सांगत नाही. अँड्रॉइड टॅबला वाय-फाय मिळालं पण इंटरनेट नाही असं दिसलं की तो विचारतो, इंटरनेट नाही तरी जोडलेलं राहायचं का, तिथे हो आणि पुन्हा विचारू नको असं करा, नाहीतर टॅब आपोआप सुटतो आणि मुलं म्हणतात सर चालत नाही. सिमकार्ड असेल तर मोबाईल डेटा बंद करा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर ते नेटवर्क खासगी असं निवडा, सार्वजनिक ठेवलं की लॅपटॉपचं फायरवॉल टॅबना आत येऊच देत नाही, एका शाळेत आमचा पूर्ण दिवस यात गेला होता. लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे टॅबवर टाकायचा त्याचा नेटवर्कवरचा क्रमांक, कायमचा ठरवून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. झाकण मिटलं तरी झोपी जायचं नाही अशी सेटिंग करा. घरगुती राउटरवर १८ टॅब साधी पानं आरामात उघडतात, पण सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावला की बसलाच, म्हणून व्हिडिओ एकच, प्रोजेक्टरवर किंवा टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून बघायचा. लाईट जाण्याचं तुम्हाला माहीतच आहे, राउटरला छोटा यूपीएस लावला तर टॅब बॅटरीवर आणि लॅपटॉप बॅटरीवर, तास पूर्ण होतो. पानं बनवायला फार काही येत नसेल तरी चालेल, अ, ब आणि क अशी तीन साधी वेब पानं आणि एक उत्तराचं पान, गावातला कॉलेजला जाणारा एखादा माजी विद्यार्थी एका संध्याकाळी करून देतो. तो बोलवा, शाळेला त्याचा आणि त्याला शाळेचा उपयोग होतो. मूडल, म्हणजे धडे आणि चाचण्या ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर, बसवता आलं तर आणखी बरं, त्यात चाचणीला पासवर्ड ठेवता येतो, तो पासवर्ड म्हणजे आधीच्या कोड्याचं गटाने काढलेलं उत्तर ठेवायचं.

एक तक्रार आहे ती इथे सांगून टाकतो. एका पुरवठादाराने शाळेला टॅब दिले ते कुलूप लावून, त्यांचं एकच अॅप उघडतं, त्यात व्हिडिओ आणि पर्याय निवडा, बाकी काही नाही, ब्राउझरसुद्धा नाही. शिक्षकांनी कितीदा फोन केले. देणगी असली तरी शाळेने घेताना लिहून घ्यावं की ब्राउझर चालला पाहिजे आणि शाळेला स्वतःची पानं उघडता आली पाहिजेत. तुमचे टॅब तसे असतील तर आत्ताच देणाऱ्यांशी बोला, वॉरंटी संपायची वाट बघू नका.

आता दुसरा प्रकार, जिथे सगळा वर्ग एकत्र. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर १९९१ पासून हे करत आले. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा नोंदवायचं. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं बरोबर आलं तर चर्चा रंगते, त्यापेक्षा कमी असेल तर आधी शिकवायला पाहिजे, जास्त असेल तर पुढे जावं. पवईच्या आयआयटीतही प्रोग्रामिंगच्या मोठ्या वर्गात आधी एकटा, मग जोडी, मग सगळे अशी पद्धत वापरून अभ्यास केला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या वेळात खरोखर कामात गुंतलेले दिसले. मी सातवी-आठवीला ऋतूंचा प्रश्न घेतो. उन्हाळा का येतो, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून, की आस कललेला आहे म्हणून. पहिल्या फेरीत बरीच मुलं जवळ जाते म्हणतात. मी काहीच बोलत नाही, फक्त एक माहिती टॅबवर सोडतो, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आणि मग जोड्यांना बोलू देतो. जानेवारीत तर आपण शेकोटी करतो, हे कुणीतरी बोलतंच. दुसऱ्या फेरीचा आलेख पडद्यावर येतो तेव्हा आपल्या उत्तराचा खांब वाढला की कमी झाला यासाठी मुलं उभी राहतात. पण एक काळजी घ्या, पहिल्या फेरीचा आलेख मुलांना दाखवू नका, दाखवला की सगळे मोठ्या खांबाकडे जातात आणि बोलणं संपतं. तो तुमच्यापुरता ठेवा.

यात अजून एक पायरी मला फार आवडते, स्वित्झर्लंडमध्ये पिअर डिलेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली. सगळ्यांची उत्तरं एका ठिकाणी गोळा झालीच आहेत, तर मशीन जोड्या लावतं त्या सगळ्यात उलट मत असलेल्यांच्या. मग त्या दोघांनी मिळून तेच प्रश्न पुन्हा सोडवायचे, एकच उत्तर द्यायचं. आपण जोड्या लावतो त्या बाकावरून किंवा मैत्रीवरून, आणि मित्र सहसा सारखंच म्हणतात. इथे तसं होत नाही. मी हे गावातल्या प्रश्नांवर घेतलंय, ओढ्याचं पाणी आधी कुणाला, यात्रेत प्लास्टिक बंद करावं का, अशा आठ-दहा वाक्यांना हो किंवा नाही. जोड्या लावायला सॉफ्टवेअर नसेल तर सगळी उत्तरं एका तक्त्यात येऊ द्या आणि मधल्या सुट्टीत तुम्हीच लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

लॅबमध्ये डेस्कटॉप असतील तर नेटलोगोचं हबनेट जरूर बघा. नेटलोगो म्हणजे पडद्यावर नमुने चालवून बघायचं सॉफ्टवेअर, आणि हबनेट म्हणजे सगळ्या मुलांना एकाच नमुन्यात जोडणारा त्याचा भाग. नेटलोगो १९९९ पासून आहे, उरी विलेन्स्की यांनी केलेलं, फुकट मिळतं, लॅनवर इंटरनेटशिवाय चालतं. टॅबवर मात्र ते असं इंटरनेटशिवाय बसत नाही, कॉम्प्युटरच लागतो. त्यात रोगाच्या साथीचा एक नमुना आहे, प्रत्येक मूल पडद्यावरचा आपला एक प्राणी चालवतं, एकाला लागण होते, जवळ आलेल्यांना होत जाते, आणि मोठ्या पडद्यावर आजारी किती त्याचा आलेख चढत जातो, आधी हळू, मग एकदम, मग परत हळू. मुलं खोलीभर ओरडत असतात, ए इकडे येऊ नको, तू आजारी आहेस. एकदा खेळून झाल्यावर टॅब पालथासारखंच पडदे बंद करायचे आणि विचारायचं, मध्येच एवढी चढण का आली. कोरोना बघितलेली मुलं यावर जे बोलतात ते ऐकत राहावं असं असतं, एका मुलीने सांगितलं की आमच्या आत्याच्या गावाने वेशीला बाभळीचे काटे लावले होते, आणि मग आम्ही तोच नियम नमुन्यात लावून बघितला, अर्ध्या मुलांनी हलायचंच नाही. त्याच्यातच ट्रॅफिकचा पण एक नमुना आहे, प्रत्येकाकडे एका चौकाचा सिग्नल, सगळ्या शहराची गाडी अडू द्यायची नाही.

लिहिण्याचं काम मात्र टॅबवर फार देऊ नका. सातवीच्या मुलाला देवनागरीत टाईप करायला वेळ लागतो, जोडाक्षरापाशी तर काम थांबतंच, आणि विचार बाजूला राहून क्ष किंवा त्र कसा काढायचा यावर चर्चा होते. वहीत लिहू द्या, फोटो काढून टाकू द्या. किंवा उत्तर एका शब्दाचं, एका आकड्याचं ठेवा. एकत्र परिच्छेद लिहायचाच असेल तर नववी-दहावीला इथरपॅड चांगलं, त्यात सगळे एकाच पानावर एकदम लिहितात, प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात दिसतं, त्यामुळे कुणी काहीच लिहिलं नाही तेही दिसतं.

आणि शिक्षकाने कुठे असावं. सर्व्हरचा लॅपटॉप टेबलावर असतो आणि तिथे सगळ्या गटांची हालचाल दिसते म्हणून आपण तिथेच खिळून बसतो, मी पण बसायचो. मग कळलं की पडद्यावर गट अडलेला दिसतो, पण का अडला ते फक्त गटाशेजारी उभं राहिल्यावर ऐकू येतं. डिलेनबुर्ग यांच्याच लोकांनी प्रत्येक गटाच्या टेबलावर एक दिवा ठेवला होता, गट कितव्या प्रश्नावर आहे तसा रंग, मदत हवी असेल तर दाबायचा, मग तो लुकलुकतो आणि वाट बघायला लागली तशी लुकलुक वाढते. मी रंगीत प्लास्टिकचे ग्लास वापरतो, हिरवा वर म्हणजे चाललंय, लाल वर म्हणजे अडलो. वायर नाही, बॅटरी नाही, कुठूनही दिसतं. लाल दिसला तरी लगेच धावत जाऊ नका, दोन मिनिटं थांबा, बऱ्याचदा तेवढ्यात शेजारचा गटच वळून सांगतो. तीन-चार लाल एकदम दिसले तर मात्र टॅब पालथा, आणि फळ्यावर सगळ्यांना मिळून.

गटाचं उत्तर बरोबर आलं की मी त्यातल्या कुणालाही एकाला विचारतो, का, असं का आलं. कुणाला ते आधी सांगत नाही. त्याला नाही सांगता आलं तर त्याला काही म्हणायचं नाही, फक्त म्हणायचं, तिघे मिळून परत बोला, मी पाच मिनिटांनी येतो. हे आठवडाभर केलं की हुशार मूल स्वतःहून बाकीच्या दोघांना समजावायला लागतं, कारण गट तिथेच अडतो.

शेवटी तुमचा गोंगाटाचा प्रश्न. मुख्याध्यापक दारातून ऐकतात म्हणून त्यांना गोंगाट ऐकू येतो, दारातून सहा गटांचा आवाज एकत्रच येणार. सुरुवातीचे दोन आठवडे आवाज खरंच जास्त असतो, नंतर मुलं जवळ सरकून बोलायला शिकतात. तोपर्यंत त्यांना एकदा वर्गात बोलवा, पण मागे खुर्ची देऊ नका. तीन मुलांच्या शेजारी बसवा, टाकीचं काम चालू असताना, आणि त्यांच्या हातात चौथा टॅब द्या, त्यावर चौथा तुकडा, शनिवारी मुलं फक्त तीन तास असतात. आमच्या एका शाळेत असंच केलं होतं, सर दहा मिनिटं म्हणून बसले आणि घंटा झाल्यावरही त्या पोरांशी भांडत होते की शनिवारी ५ लिटर नाही, ३ च धरायला पाहिजेत.